आधी स्क्रूची तोंडं बघा

मराठी घरातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, शालूच्या मागे आणि घराच्या कागदपत्रांच्या पुढे, एक कॅमेरा असतो. कोणता, ते काकांच्या नोकरीवर अवलंबून. काका बँकेत किंवा पोस्टात असतील तर बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो, आणि सेटिंग म्हणाल तर ऊन आहे की ढग आहेत, एवढंच विचारणार. काका बोटीवर किंवा आखातात असतील तर यशिका, नाहीतर कॅनन. आणि भिलाई-बोकारोकडे रशियन इंजिनियरांच्या संगतीत उमेदीची वर्षं गेली असतील तर झेनिट. हा कॅमेरा गळ्यात अडकवला की कितीही ताठ माणूस आपोआप वाकून नम्र होतो.

"हा चालतो का हो?" असं विचारलं तर घरातले सगळे एका सुरात सांगतात, "अगदी चालू आहे. काकांनी फार जपून ठेवलाय." शेवटचा कधी वापरला? बंड्याच्या मुंजीत. बंड्याचा मुलगा यंदा बारावीला आहे.

जपून म्हणजे कसा? तर चामड्याच्या मूळ केसमध्ये, केस प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी साडीच्या खोक्यात आणि खोकं कपाटात. बुरशीला विचारलं असतं की बाई, तुला राहायला कसं घर हवं, तर तिने याहून वेगळं काही मागितलं नसतं. चामडं ओल धरतं, अंधार असतो, वारा नसतो, आणि जुलै-ऑगस्टात मुंबईची हवा ८० टक्के आर्द्रतेच्या खाली यायचं नाव घेत नाही. मग भिंगावर आतल्या बाजूने पांढऱ्या बारीक तंतूंची नक्षी उमटते. नुसती पुसून जाणारी असती तर गोष्ट वेगळी. पण ती आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते. तिकडे शटरचं ग्रीस वाळून गोंद झालेलं असतं. मागच्या दारातून उजेड आत शिरू नये म्हणून खाचेत बसवलेल्या फोमचं काळं चिकट डांबर झालेलं असतं, आणि ज्या उत्साही भाच्याने दार उघडून बघितलं त्याच्या बोटांना, मग शर्टाला आणि थोड्या वेळाने सोफ्याला ते लागतं.

हे उत्साही भाचे अलीकडे फार वाढलेत. मोबाइलमध्ये हजारो फोटो पडलेले असताना ३६ फोटोंच्या रोलवर पैसे घालवण्यात त्यांना काय आनंद मिळतो, हे त्यांच्या आईला कळत नाही; मला कळतं, कारण तो रोग मलाही आहे. आणि रोग जगभर आहे. २०२४ साली पेंटॅक्सने ‘१७’ नावाचा नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा अंगठ्याने रोल पुढे ओढायची किल्ली कशी बसवायची हे कंपनीतल्या तरुणांना आपल्याच निवृत्त इंजिनियरांना विचारावं लागलं. ज्यांनी लाखांनी कॅमेरे बनवले त्यांच्या घरी ही परिस्थिती. मग काकांचा कॅमेरा उघडून पुन्हा मिटू शकेल असा माणूस आपल्याकडे कुठे शोधायचा?

शोध सुरू झाल्याची बातमी फुटली की पहिल्यांदा येतात ते सल्ले. "घड्याळवाल्याला दाखव," हा सल्ला सगळे देतात. सल्ला अगदीच टाकाऊ नाही. जुन्या शटरमध्ये संथ वेगांसाठी खरोखरच घड्याळासारखी दातेरी चाकांची माळ असते, आणि घड्याळवाल्याच्या हाताला ती ओळखीची वाटते. अडचण अशी की घड्याळाला समोरचं काही दिसावं लागत नाही. घड्याळवाला शटर साफ करतो, एक सेकंद म्हणजे एक सेकंद करून देतो, आणि भिंग परत बसवताना एखाद्या आट्याने पुढे-मागे बसवतो. कॅमेरा वेळेला पक्का होऊन घरी येतो आणि त्यात आत्या कायमची धूसर येते.

दुसरा सल्ला असतो कंपनीच्या अधिकृत केंद्रात न्यायचा. तिथे एसी असतो, टोकन असतं, बसायला खुर्ची असते. टोकन लागल्यावर काउंटरवरची मुलगी कॅमेरा दोन्ही हातांनी घेते, वळवून बघते आणि विचारते, "सर, याचा चार्जर आणलाय?" मग ती आतून कोणा वरिष्ठांना बोलावते. वरिष्ठ येतात, त्यांचे डोळे क्षणभर पाणावतात, "माझ्या वडिलांकडे सेम होता," असं ते म्हणतात, आणि या मॉडेलची सर्व्हिस बंद झाली आहे अशी छापील ओळ असलेला कागद देतात. दुःखात सहभागी होणारं इतकं चांगलं ऑफिस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तेव्हा शेवटी मुंबईचा माणूस फोर्टात येतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर बोरा बाजार आणि आजूबाजूच्या गल्ल्या आहेत. कॅमेऱ्याची दुकानं, स्टँड, बॅगा, फ्लॅश असा सगळा धंदा पिढ्यान्‌पिढ्या तिथे चालत आलाय. झगमगीत दुकानं रस्त्यावर. दुरुस्तीवाले मात्र जिन्यावर. लाकडी जिना, भिंतीवर विजेच्या मीटरांची रांग, दोन मजल्यांच्या मधे पोटमाळा, आणि त्या पोटमाळ्यावर टेबललॅम्पखाली एक डोकं. ही डोकी पुष्कळ आहेत. त्यांतलं विश्वासाचं कोणतं, एवढाच प्रश्न.

काही जाती मात्र चटकन ओळखू येतात.

एक असतो ‘बोर्ड’वाला. त्याने जगातल्या सगळ्या आजारांचं निदान एका शब्दात आणून ठेवलेलं आहे. त्याच्यापुढे पेंटॅक्स के-१००० ठेवा. हा कॅमेरा १९७६ साली आला आणि वीस वर्षांहून अधिक काळ बनत राहिला. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायच्या काट्याला. बाकी शटर, आरसा, किल्ली सगळं स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालतं. तो हातात न घेता लांबूनच बघून हा सांगतो, "शेठ, बोर्ड उड गया." मुळात ज्याच्यात शटरला बोर्डच नाही त्याचा बोर्ड उडू शकतो, ही किमया फक्त इथे होते. त्यावर "नवा बोर्ड किती?" असं विचारून बघा. तो किंमत सांगतो. घासाघीस केली तर कमीही करतो.

दुसरा ‘ठेवून जा’वाला. हा काही निदान करत नाही. कॅमेरा हातात घेतो, मागच्या कपाटाचं दार उघडतो, आणि तुम्हाला दिसतं की आत खांद्याला खांदा लावून शंभरएक कॅमेरे बसलेले आहेत. काहींना भिंग नाही, काहींना दार नाही, एकाला तर नुसतं नाव शिल्लक आहे. "परवा या," तो म्हणतो. हा परवा कॅलेंडरातला नव्हे. इथे तुमच्या मनात जी शंका येते ती अगदी योग्य असते: यातले किती जण दुरुस्तीला आले होते आणि किती जण दुसऱ्याच्या दुरुस्तीला कामी आले? म्हणून कॅमेरा देण्याआधी अंगावरचा आणि भिंगावरचा, दोन्ही नंबर टिपून घ्यावेत. मोबाइलने फोटोच काढून ठेवावा. हा फोटो अर्थातच त्या कॅमेऱ्याने आजवर काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा स्वच्छ येतो. त्याबद्दल त्याच्यासमोर बोलू नये.

तिसरा प्रेमळ असतो आणि म्हणून सगळ्यात धोक्याचा. तो कॅमेऱ्याला नमस्कार करतो, तुम्हाला चहा सांगतो, आणि तुमच्या देखत स्क्रू ड्रायव्हर काढून कामाला लागतो. "दहा मिनटाचं काम आहे." अशा वेळी नजर त्याच्या चेहऱ्यावर ठेवायची नाही, हातातल्या हत्यारावर ठेवायची. कारण कॅमेऱ्याच्या दुनियेत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते आणि ज्यांना असते त्यांच्यावर अर्धा भरवसा टाकायला हरकत नसते. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूवरची फुली आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरची फुली, दिसायला एक, पण एक नव्हेत. जपान्यांचं माप वेगळं, जेआयएस नावाचं. फिलिप्सचं टोक त्या फुलीत नीट बसत नाही. जोर लावला की वर चढतं आणि स्क्रूच्या तोंडाचा भुगा करतं. हे तोंड एकदा गोल झालं की पुढच्या माणसाला तो स्क्रू काढायला ड्रिल लावावं लागतं.

माझं तर असं ठाम मत झालंय की दुकानाची पाटी, मालकाची दाढी, भिंतीवरचे नामवंतांसोबतचे फोटो यांतलं काही बघू नये. त्याने दुरुस्त करून विकायला ठेवलेला एखादा कॅमेरा मागून घ्यावा, खिडकीपाशी न्यावा, आणि त्याच्या स्क्रूची तोंडं बघावीत. फुली धारदार, काळा रंग शाबूत, कडेला ओरखडा नाही: खाली बसावं, चहा आला तर घ्यावा. फुली रुंदावलेली, चकाकणारी: लोकल पकडावी.

आता हे बघायला लागलं की काकांच्या कॅमेऱ्याचे स्क्रूही बोलू लागतात. ‘आजवर कोणी हात लावला नाही’ म्हणून घरी सांगितलेल्या कॅमेऱ्याच्या तळाचे चार स्क्रू चार प्रकारचे निघतात, त्यांतला एक चष्म्याच्या दांडीचा. वरचं झाकण काढलं की आत मागच्या उस्तादांची सगळी वंशावळ. एकाने शिवणयंत्राचं तेल सोडलेलं, ते वाहत वाहत शटरच्या पात्यांवर आलेलं आणि पाती एकमेकींना चिकटलेली. दुसऱ्याने प्रिझम हलू नये म्हणून खाली घडी घालून सारलेलं बसचं तिकीट. तिसऱ्याने फेविक्विक लावलंय. कशाला, ते फेविक्विकलाच माहीत. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने कोरलेली तारीख. हा चौथा मात्र कामाचा माणूस असावा. ज्याला आपल्या कामाखाली तारीख टाकायची लाज वाटत नाही तो सहसा बसचं तिकीट वापरत नाही.

रशियन कॅमेऱ्यांची गोष्टच निराळी. चोरबाजारात शुक्रवारी सकाळी अंथरलेल्या चादरीवर एखादा फेड किंवा झोर्की दिसतो आणि माणूस हरखतो, कारण तो हुबेहूब लायकासारखा दिसतो. दिसणारच. खारकिव्हमध्ये अनाथ मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून फेड बनू लागला तोच लायकाची नक्कल म्हणून. फेड ही नावाची आद्याक्षरं आहेत, आणि ज्याच्या नावाची आहेत तो फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक. म्हणजे कॅमेरा गुप्त पोलिसांच्या मुख्याच्या नावाचा आणि फोटो आमच्या बारशाचे. पुढे लोकांनी या नकलेवर सोन्याचा मुलामा देऊन, वर ‘लायका’ आणि जर्मन गरुड कोरून तिची दुसरी नक्कल केली. असले सोनेरी लायका जगभरच्या जुन्या बाजारांत फिरत असतात. विकणारा शपथेवर सांगतो की हिटलरच्या वैमानिकाचा आहे. त्या वैमानिकांकडे इतके कॅमेरे होते की त्यांना विमान चालवायला हात मोकळा कधी मिळत असेल, कोण जाणे.

या रशियन मंडळींचा एक कडक नियम आहे: आधी किल्ली फिरवायची, मग वेग बदलायचा. उलट केलंत तर आतलं काहीतरी वाकतं. दुरुस्तीवाल्याची परीक्षा घ्यायची असेल तर असा कॅमेरा त्याच्या हातात द्यावा आणि गप्प बसावं. ज्याने पहिल्यांदा वेगाची चकती पकडली त्याच्याकडून तो हळूच काढून घ्यावा.

तर मला अखेर जे सापडले ते काका (नाव सांगत नाही; का, ते पुढे येईल) कॅमेरा हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्यातलं काहीच फिरवत नाहीत. ते विचारतात, "याचं काय करणार?"

हा प्रश्न इतका सरळ आहे की उत्तर देताना माणूस चाचरतो. ‘शोकेसमध्ये ठेवायचाय’ म्हटलं तर ते कॅमेरा परत सरकवतात. "मग कशाला उघडायचा? वरून पुसा आणि ठेवा. पैसे वाचवा." ‘विकायचाय’ म्हटलं तर म्हणतात, "जसा आहे तसा विका, घेणारा आपला बघून घेईल." आणि ‘फोटो काढणार’ म्हटलं तर चष्मा कपाळावर चढतो, भिंग डोळ्यात बसतं आणि पुढचा प्रश्न येतो, "रोल कुठला वापरता?" आपण दुकानदाराची पारख करायला गेलेलो असतो आणि इथे आपलीच तोंडी परीक्षा सुरू होते. त्यांच्या मते नापास झालेल्या गिऱ्हाइकाचा कॅमेरा ते घेत नाहीत. मोठी लेन्स लावून आलेल्या एका गृहस्थांना मी माझ्या डोळ्यांदेखत जिना उतरताना पाहिलंय.

मग ते कॅमेरा एका सेकंदावर लावतात, कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि खटका दाबतात. हे ऐकण्यासारखं असतं. तब्येत ठीक असलेलं शटर एका सेकंदाला नुसतं ‘क्लिक’ म्हणत नाही. आधी उघडल्याचा ‘टिक्’, मग चाकांच्या माळेची बारीक, एकसारखी गुरगुर, आणि शेवटी मिटल्याचा ‘टक्’. गुरगुर मध्येच धापा टाकत असेल तर ग्रीस वाळलंय. ‘टक्’ येतच नसेल तर पाती चिकटलीत. ते पुन्हा खटका दाबतात, पुन्हा ऐकतात, आणि सांगतात, "सव्वा सेकंद घेतोय. म्हातारा झालाय, पण मेलेला नाही." यंत्रावर मोजायची सोयही त्यांच्याकडे आहे. ती नंतर गिऱ्हाइकाची खात्री पटवायला.

मग मागचं दार उघडून ट्यूबलाइटसमोर धरणं. कापडी पडद्याचा कॅमेरा असेल तर तो मिटलेला असतानाही कधी कधी आत बारीक उजेडाचे ठिपके चमकतात. भोकं. लायकासारखा आरसा नसलेला कॅमेरा भिंगावर टोपी न लावता कडक उन्हाकडे तोंड करून ठेवला तर भिंग ऊन गोळा करून थेट पडद्यावर टाकतं आणि पडदा जाळतं. "बीचवर टॉवेलशेजारी ठेवला होता का?" काका विचारतात. गोव्याच्या सहलीचा इतिहास त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

कान हेच त्यांचं मुख्य हत्यार आहे. यशिका इलेक्ट्रो ३५ आली की ते फक्त किल्ली फिरवतात आणि वाट बघतात. आतून एक दबका ‘टक’ आला तर हसतात. नाही आला तर मान हलवतात: आतली रबराची छोटी गादी झिजलीय, तीन पैशांची वस्तू, पण तिच्यापायी अख्ख्या कॅमेऱ्याचं गणित चुकतं. आणि १९७६ चा कॅनन ए-ई वन तर म्हातारपणी चक्क खोकतो. खटका दाबला की फोटोबरोबर एक कोरडी किंकाळी. आरशाच्या यंत्रणेतलं तेल संपलेलं असतं, बाकी काही नाही. यावर ‘बोर्ड’वाला बोर्ड सांगतो, प्रेमळवाला पूर्ण खोलून ओव्हरहॉल सांगतो. काका लांब सुईची सिरिंज घेतात, भोक शोधतात, तेलाचा एक थेंब सोडतात आणि चार-पाच वेळा खटका दाबतात. खोकला बंद. पैसे विचारले तर म्हणतात, "थेंबाचे काय घेऊ?" गिऱ्हाइकाने या वाक्यावर विसंबून राहू नये, टेबलावर काहीतरी ठेवून यावं, ते नाही म्हणत नाहीत.

खोलायची वेळ आलीच तर बघण्यासारखं असतं ते त्यांचं टेबल. खाली पांढरं फडकं, वर इडलीपात्राची एक ताटली. सुरुवातीपासून क्रमाने: पहिल्या खळग्यात वरच्या झाकणाचे स्क्रू, दुसऱ्यात किल्लीच्या चकत्या, तिसऱ्यात एक स्प्रिंग जिच्याकडे बघून श्वासही सोडायचा नसतो. परत बसवताना उलट्या क्रमाने, शेवटच्या खळग्यापासून. ताटली रिकामी झाली आणि कॅमेरा पुरा झाला तर काम झालं. ताटलीत काही उरलं आणि कॅमेराही चालू लागला, तर ‘जास्तीचा होता’ असं म्हणणारे कारागीर या गल्लीत आहेत. काका अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून खोलतात. मला वाटतं विश्वास या गोष्टीला वजन असेल तर ते उरलेल्या स्क्रूएवढं असेल.

काम झालं की ते कॅमेऱ्याबरोबर कागदाची एक पुडी देतात, अंगाऱ्याची द्यावी तशी. आत काढलेल्या जुन्या वस्तू: फोमचं डांबर, तुटकी स्प्रिंग, झिजलेली गादी. फोमच्या जागी त्यांनी काळी लोकर भरलेली असते, स्वेटरची. "फोम परत दहा-पंधरा वर्षांत वितळणार. लोकर तुमच्या नातवाला पुरेल." बदललेला भाग परत देणारा मेकॅनिक मोटारीच्या धंद्यातसुद्धा दुर्मीळ.

एका बाबतीत मात्र त्यांचेही हात टेकतात, ते म्हणजे बॅटरी. साठ-सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे काटे पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालत. हा सेल मरेपर्यंत दाब सोडत नसे, म्हणून काटा खोटं बोलत नसे. पारा विषारी, तेव्हा हे सेल जगभर हळूहळू बंद झाले आणि २०१३ च्या मीनामाता कराराने उरल्यासुरल्यांचंही दार लावलं. झालं ते योग्यच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच आकाराचा दुकानातला साधा सेल दीड व्होल्टचा, आणि तोही दिवसेंदिवस उतरत जाणारा. काटा मग भलतंच सांगतो. यावर एक तोड आहे: कानाच्या मशीनला लागतो तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. १.४ व्होल्ट. स्टिकर सोलला की हवा खायला लागतो आणि काही आठवड्यांत संपतो, पण तोवर प्रामाणिक असतो.

तेव्हा कॅमेऱ्याची दुरुस्ती अखेर श्रवणयंत्राच्या दुकानात जाऊन पोहोचते. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने विचारतो, "कोणासाठी?"

"कॅमेऱ्यासाठी."

तो समजूतदारपणे हसतो आणि आवाज चढवतो. "नाही, सर, कोणाला हवंय? पे-शं-ट कोण?"

"पेशंट नाही. कॅमेरा. कॅमेऱ्यासाठी."

"सर," तो आता तोंड कानाजवळ आणून एकेक अक्षर सुटं करून सांगतो, "हा सेल का-ना-चा असतो. बसा तुम्ही. बोलावतो मॅडमना. टेस्ट फ्री आहे."

माणूस टेस्ट करून येतो. कान उत्तम निघतात. सेल मिळतो.

इतकं सगळं जमलं तरी दुरुस्ती झाली की नाही हे कळायला अजून रोल संपायचाय. रोल संपायला दोन लग्नं, एक पावसाळी ट्रेक आणि शेजाऱ्यांचं मांजर लागतं. मग तो धुवायला टाकायचा. रंगीत रोल धुणाऱ्या लॅब आता बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे तिथेही रांग. आणि फोटो काळे आले तर खरा तमाशा. लॅबवाला सांगतो, कॅमेरा खराब. कॅमेरावाला सांगतो, रोल जुना. रोलवाला सांगतो, विमानतळावर एक्स-रे लागला असेल. तुम्ही सांगता की मी विमानतळावर गेलोच नाही, तर तो म्हणतो, "तुम्ही नाही हो, रोल गेला ना. तो काय चालत आला?" या तिघांनाही एका जागी बसवून चर्चा घडवावी अशी माझी फार इच्छा आहे, पण ते एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांचं गिऱ्हाईक आहेत, त्यामुळे निष्पन्न काही होणार नाही.

काका या भांडणात पडत नाहीत. ते निगेटिव्ह मागतात. ट्यूबलाइटसमोर धरतात, बोट फिरवत जातात. "हे बघा, लग्नाचे फोटो ठीक. ट्रेकमधल्या उन्हातल्या फोटोंत मात्र सगळीकडे एकच बाजू मेलीय. तिथे वेग जास्त लावला होतात. दुसरा पडदा वाटेतच पहिल्याला गाठतोय." मग क्षणभर थांबून, "माझीच स्प्रिंग सैल राहिली. द्या इकडे." लॅबवर नाही, रोलवर नाही, विमानतळावर नाही. आणि या खेपेचे पैसे घेत नाहीत. माझ्या पाहण्यातल्या एकूण एक दुरुस्तीवाल्यांत स्वतःकडे बोट दाखवणारं बोट हे एवढंच. एरवी त्या बोटावर काळ्या ग्रीसची रेघ असते आणि नख अर्धं तुटलेलं.

यामुळे एक अडचण उभी राहिली आहे. लोक पत्ता विचारतात. मोबाइलवर निरोप येतात, लग्नात कोपऱ्यात घेऊन विचारतात, बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये विचारतात. परवा बंड्याच्या मुलाने विचारलं, घरच्या काकांचा झेनिट घेऊन दारातच उभा होता. आता विचार करा: दुरुस्तीवाल्या काकांना दोनच हात आहेत, एकच भिंग आहे आणि इडलीपात्रही एकच. बाहेर बातमी गेली तर जिन्यावर रांग लागणार, रांग लागली की ‘परवा या’ सुरू होणार, आणि माझी यशिका, जी सध्या त्यांच्याकडे आहे, ती कपाटातल्या त्या खांद्याला खांदा लावून बसलेल्यांत जाऊन बसणार. शौकीन मंडळींत हे सगळेच जाणतात. ज्याला चांगला दुरुस्तीवाला सापडला त्याने कधी खरा पत्ता दिलाय असं माझ्या ऐकिवात नाही. मला स्वतःला काकांचा पत्ता ज्यांच्याकडून मिळाला, त्यांनी तो दिलेला नव्हता. त्यांच्या बॅगेतल्या पावतीवर होता.

बंड्याच्या मुलाला मी सांगितलं की ते गृहस्थ आता मुंबईत नाहीत, रत्नागिरीला गेले, आंब्याचं बघतात. आणि तुम्हीही विचारणार असाल तर बोरा बाजारात जा, जिने चढा, स्क्रूची तोंडं बघा. लाकडी जिना, भिंतीवर विजेचे मीटर, वर पोटमाळा, असं मी मघाशी लिहिलंय खरं. काकांच्या जिन्याला यातलं काही नाही.